सरी की वरंबा

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. असेल. पण त्या दिवशी सकाळी सोलापुरात, विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या दारात नातेपुत्याचा टेम्पो उभा आणि त्यातून आमचे आप्पा छातीएवढा पत्र्याचा कूलर उतरवतायत, हे बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं.

"आप्पा! हे काय?"

"कूलर हाय की."

"ते दिसतंय मला. इथं कशाला?"

"पाव्हणं येणार न्हवं तुज्याकडं? तुजं सर फोनवर म्हनलं, हितला एसी बंद पडलाय. म्हनलं, दुकानात चार तयार हायेत, एक न्यावा."

आप्पांचं नातेपुत्यात कूलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्रा कापण्यापासून गवत भरण्यापर्यंत सगळं स्वतःच करायचं. हिंदुराव कूलरवाले म्हटलं की माळशिरसपर्यंत लोक ओळखतात. ते सगळं खरं, पण येणारे लोक पाहुणे नव्हते. माझी चौकशी करायला येत होते. आणि हे आप्पांना सांगायची माझी हिंमत झाली नव्हती, म्हणून मी आणखीच चिडले.

प्रकरण काय, ते आधी सांगते.

मी घासते. पीएचडीच्या नावाखाली गेली काही वर्षं मी एवढंच करते. आरशासारखी गुळगुळीत सिलिकॉनची चकती घ्यायची, केसाहून बारीक पट्टीच्या टोकाला चिकटवलेली काचेची गोळी तिच्यावर टेकवायची आणि त्याच त्या रेघेवर पुढेमागे घासायची. गोळी डोळ्यांना दिसत नाही, रेघही दिसत नाही. एका मिलीमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या एकाला नॅनोमीटर म्हणतात, आणि आमचा सगळा कारभार असल्या दोन-चार तुकड्यांत चालतो. यंत्राला एएफएम म्हणतात. तेच घासतं आणि मग तेच अलगद चाचपून घासलेल्या जागेचं चित्र काढतं.

आता कुठलीही वस्तू घासली की ती झिजणार, तिथं सरी पडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण अगदी हलक्या दाबानं घासलं तर माझ्या चकतीवर सरी पडत नव्हती. उलट जागा फुगून वर यायची. रेघेच्या जागी वरंबा! उसाच्या रानात असतो तसा, फक्त दोन-तीन नॅनोमीटर उंच. असे वरंबे हवे तिथं उठवता आले, तर ना साचा लागतो ना रसायनं, नुसत्या घासण्यानं बारीकात बारीक नक्षी तयार होते. गेल्या उन्हाळ्यात मी ते केलं, माझे मार्गदर्शक उदयसिंह सर नाचायचेच बाकी राहिले आणि आमचा शोधनिबंध छापून आला.

मग किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेनं कळवलं की आम्ही हेच तंतोतंत करून पाहिलं. दरवेळी सरीच पडते. वरंबा कधीच येत नाही. प्रसिद्ध केलेली चित्रं बनावट असावीत.

बनावट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागानं चौकशी टळत नाही. तिघांची समिती नेमली गेली. समोर करून दाखवा. वरंबा आला तर प्रश्न मिटला, सरी पडली तर निबंध मागे आणि माझी नोंदणी रद्द. नोंदणीचं एक वेळ सोडा. चित्रं खोटी काढणारी पोरगी म्हणून जन्मभर मिरवायचं, ही खरी शिक्षा. गावात कुणीतरी आईला विचारलंही होतं म्हणे, "उत्कर्षानं तिकडं काय घोटाळा केला गं?" आईनं ते आप्पांच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं.

आणि अशा दिवशी बापानं कूलर आणला होता.

"यंत्राजवळ काहीही चालणार नाही," मी म्हणाले. "नुसत्या पंख्यानं टेबल थरथरतं. कूलर परत न्या."

उदयसिंह सर मध्ये पडले. सर माणूस चांगला, पण पाहुणचार म्हणजे जीव की प्राण. "अगं, बाहेर अंगाची लाही होतेय. ती माणसं उकडून कावली तर तुझा वरंबा शांतपणे बघणार कोण? व्हरांड्यात ठेवू, खिडकीतून नुसती हवा आत घेऊ. तू थरथर तपासून बघ, मग बोल."

आप्पांनी व्हरांड्यात वेगळ्या घोडीवर कूलर चढवला. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. सुरू केला. मी यंत्राच्या पडद्यावर बघत बसले, चूक सापडावी म्हणून डोळ्यांत तेल घालून. रेघ सरळ. थरथर नावालाही नाही.

"कसा हाय?" खिडकीतून आप्पांनी विचारलं.

"बरा आहे," मी म्हणाले. माझ्याच तोंडानं पास केला मी त्याला.

समितीचे प्रमुख महादेवप्पा सर कलबुर्गीकडचे. उंच, शांत, कपाळाला भस्माचा पुसट पट्टा. बोलणं मोजकं, आणि प्रत्येकाला अहो-जाहो. बरोबरचे दोघे नुसते मान हलवत होते. काचेची गोळी लावलेली पट्टी आमच्याकडे एकच उरली होती. मी ती श्वास रोखून चिमट्यानं बसवली. माझ्याबरोबर काम करणारी गुलनाज कानाशी पुटपुटली, "अगे, श्वास तरी घे. काल संध्याकाळी तर मस्त वरंबा आला की तुझा."

आला होता. कालच करून बघितलं होतं मी. म्हणून तर एवढा तोरा.

"जागा मी सांगतो," महादेवप्पा सर म्हणाले. "दाबही मी बघतो. तुमची हरकत नाही ना, मॅडम?"

"मुळीच नाही."

त्यांनी चकतीवरची जागा निवडली. मी गोळी टेकवली. घासणं सुरू झालं. त्याचा आवाज येत नाही, काही हलताना दिसत नाही, नुसता पडद्यावर एक आकडा सरकत राहतो. मग चित्र काढायची वेळ आली. चित्र वरून खाली, एकेक ओळ उमटतं. उंच जागा उजळ दिसते, खोल जागा काळी.

पहिली ओळ उमटली. मधोमध काळा ठिपका होता. दुसरी ओळ, त्याच्याखाली काळा ठिपका. बघता बघता पडद्यावर काळीभोर रेघ उभी राहिली.

सरी.

"परत करा," महादेवप्पा सर म्हणाले. "दुसऱ्या जागी."

परत केलं. परत सरी! अगदी कोरल्यासारखी, देखणी सरी. उदयसिंह सर खुर्चीतून उठले आणि तसेच पुन्हा बसले.  माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, की मी खोटं केलेलं नाही, नाही, नाही. पण पडदा समोर होता, आणि पडद्यावर जे होतं ते किनाऱ्यावरच्या लोकांनी कळवलेलंच होतं.

"त्यांना जे दिसलं तेच आम्हाला दिसतंय, मॅडम," महादेवप्पा सर म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

उदयसिंह सरांनी घाईनं चहा मागवला. दुसरं करणार काय बिचारे? गुलनाजनं सकाळपासून टेबलावर मांडून ठेवलेल्या ताटल्या पुढं केल्या. तिच्या घराजवळच्या बायकांनी केलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पाहुण्यांना सोलापूरचं म्हणून द्यायला आणलेलं. महादेवप्पा सरांनी भाकरी उचलली, मोडायला गेले, तर ती वाकली. चामड्यासारखी.

"ही कडक भाकरी?" त्यांनी विचारलं.

"सर, सकाळी कडकडा मोडत होती हो," गुलनाज ओशाळली. "सादळली वाटतं. आमच्या घरी महिनाभर राहते, कधी अशी..."

मी त्यांच्या हातातली भाकरी ओढून घेतली. हो, समितीच्या प्रमुखांच्या हातातली. वाकवली. परत वाकवली. तुटायचं नावच घेईना.

मे महिन्यात, सोलापुरात, भाकरी सादळते? इथं दोरीवर कपडा टाकून दुसरा पिळेपर्यंत पहिला वाळतो! हवेत ओल असते हे आम्ही पुस्तकात वाचतो आणि विसरून जातो. निबंधात मी काय लिहिलं होतं? 'खोलीतल्या साध्या हवेत.' कुठल्या खोलीतल्या? एसी बंद पडलेल्या, उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापलेल्या आमच्या खोलीतल्या. आणि आज त्याच खोलीत सकाळपासून बादल्याच्या बादल्या पाणी हवेत मिसळत होतं. मी थरथर तपासली. ओल तपासायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"कूलर बंद करा!" मी ओरडले.

"उत्कर्षा!" उदयसिंह सर दचकले.

"सर, पाणी! काच आणि सिलिकॉन यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की नुसतं घासणं राहत नाही, तिथं रासायनिक क्रिया होते. एकेक अणू सुटून जातो, म्हणून सरी पडते. कोरड्या हवेत सुटून जायला वाट नसते. घासलेली जागा आतल्या आत विस्कटते आणि फुगते. किनाऱ्यावर हवा बारा महिने ओली! ते खरं बोलतायत आणि मीही खरंच बोलतेय!"

महादेवप्पा सरांनी यंत्राकडे बोट केलं. "बोलणं ठीक आहे, मॅडम. दाखवा."

तेवढ्यात खिडकीत आप्पा दिसले. हातात बादली, धोतराचा सोगा भिजलेला. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"माज्या कूलरमुळं बिगाडलं व्हय गं?"

या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. निदान "नंतर सांगते" म्हणायला हवं होतं. पण नाकाच्या शेंड्यावरचा तो राग कुठं ऐकतो? "हो! तुमच्या कूलरमुळंच! सकाळी परत न्या म्हटलं तेव्हाच नेला असतात तर!" असं मी चारचौघांत, त्या परक्या माणसांपुढं ओरडून म्हणाले आणि यंत्राकडे वळले. मागं पंख्याचा आवाज थांबत गेला.

दारं-खिडक्या सताड उघडल्या. बाहेरची गरम झळ आत आली. यंत्राच्या पेटीचं झाकण काढून ठेवलं, आत दिवा लावला, चकती तापू दिली. पाहुणचाराचे बारा वाजले. समितीतला एक जण रुमालानं मान पुसत होता, दुसऱ्यानं सदऱ्याची दोन बटणं काढली होती. महादेवप्पा सर मात्र सादळलेल्या भाकरीचा एक तुकडा समोर ठेवून बसले होते. मधूनमधून तो दाबून बघत होते. बराच वेळ गेला. शेवटी तो कट्कन मोडला.

"आता करा," ते म्हणाले. जागा परत त्यांनीच निवडली.

घासून झालं आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली. मला बघवेना. गुलनाजनं माझा दंड एवढा घट्ट धरला की तिची नखं रुतली. "देख की," ती म्हणाली. "अगे, देख तो सही!"

उजळ ठिपका. त्याच्याखाली उजळ. त्याच्याखाली उजळ. पांढरी स्वच्छ रेघ वाढत खाली आली. वरंबा! उदयसिंह सरांनी टेबलावर थाप मारली आणि चित्र तिथंच हललं. यंत्राला हात लावू नका म्हणून रोज मला बजावणारे सर!

माझ्या जिवात जीव आला. पण महादेवप्पा सर हसले नाहीत.

"दोनदा सरी, एकदा वरंबा," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण मी उद्या काय सांगू? गोळी एकच. दोनदा घासून ती झिजली असेल आणि म्हणून आता वेगळं दिसत असेल, असं कुणी म्हटलं तर? कारण पाणीच असेल तर पाणी परत आणा. त्याच गोळीनं परत सरी पाडून दाखवा. मग मी मानतो."

बरोबर बोलत होते ते. मला राग यायला जागाच नव्हती. "लगेच करते, सर," म्हणून मी खिडकीशी गेले.

व्हरांड्यात कूलर नव्हता. रिकामी घोडी आणि खाली पाण्याचं थारोळं होतं, तेही अर्धं वाळलेलं. दारात टेम्पोही नव्हता.

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला, तेच. गाडी चालवताना आप्पा फोन उचलत नाहीत. एव्हाना ते गावाच्या वाटेवर कुठवर गेले असतील याचा हिशेब करायचीही मला भीती वाटली. आत समिती बसलेली. तिघांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. गुलनाज म्हणाली, "ओल्या चादरी टांगू?" उदयसिंह सर कुणालातरी बाजारात पिटाळायच्या गोष्टी करू लागले. मी मात्र चप्पलही न घालता बाहेर धावत सुटले. फरशी इतकी तापलेली की पाऊल ठरेना. आप्पा निघून गेले होते, माझं बोलणं ऐकून, उपाशीपोटी, आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली टेम्पो उभा होता. आप्पा आत बसलेले, दोन्ही हात स्टेअरिंगवर. फोन बाजूच्या सीटवर वाजून वाजून गप्प झाला होता.

"आप्पा! गेला नाहीत तुम्ही?"

"जाऊन कुटं जाणार?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुजं काय झालं ते कळल्याबिगर पाय निघंना. आन् फोन घ्यायला धीर हुईना."

"कूलर परत लावा. लवकर चला."

"न्हाय." त्यांनी जोरजोरात मान हलवली. "न्हाय गं बाय. एकदा वाटूळं केलं तेवढं बास झालं. माज्या हातानं आता त्यात पाणी घालणार न्हाय मी."

"आप्पा, ऐका. मला मघाशी जे झालं तेच परत पाहिजे. सरीच पाहिजे. पाणी नसलं की वरंबा, पाणी असलं की सरी, हे दाखवायचंय मला. ते दाखवल्याशिवाय ती माणसं मला खोटीच म्हणणार."

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "खोटी म्हनत्यात? तुला?"

मग सगळंच सांगून टाकलं. तिथंच, टेम्पोच्या दारात, तापल्या मातीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत.  झालं सांगून, तसे आप्पा खाली उतरले, स्वतःची चप्पल काढून माझ्यापुढं सरकवली आणि कूलरची दोरी सोडायला लागले.

"किती मारू पाणी?"

"जेवढं मारता येईल तेवढं!"

आप्पांनी गवताच्या ताट्या बादलीत बुचकळून काढल्या. टाकी काठोकाठ भरली. वर आणखी व्हरांड्याच्या फरशीवर घागरी ओतल्या. कूलरसमोरची सोडून बाकीच्या खिडक्या लावल्या. महादेवप्पा सरांनी आपला मोडलेला तुकडा परत समोर ठेवला आणि आम्ही सगळे, तीन समितीवाले, सर, गुलनाज आणि मी, एका भाकरीच्या तुकड्याकडं बघत बसलो. तो मऊ पडला तेव्हा महादेवप्पा सरांनी चकतीवर जागा निवडली.

गोळी टेकवली. घासलं. पडद्यावर पहिली ओळ आली.

काळा ठिपका होता.

आयुष्यात कधी सरी बघून एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. शेवटची ओळ उमटली. मग महादेवप्पा सर उठले आणि म्हणाले, "चित्रं बनावट नाहीत, हे आम्ही तिघं लिहून देतो. पण निबंध अर्धा आहे, मॅडम. हवेतल्या पाण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तो दुरुस्त करा. त्या लोकांनाही कळवा की तेही चुकले नव्हते."

"हो सर," मी म्हणाले. अर्धा तर अर्धा. मी खोटी नव्हते.

निघताना महादेवप्पा सर व्हरांड्यात थांबले. आप्पा कूलरच्या मागं, भिजलेल्या धोतरात, भिंतीला चिकटून उभे होते, कुणाच्या दृष्टीस पडू नये असे. सर त्यांच्यापाशी गेले, हात जोडले.

"तुमची मुलगी खरं बोलत होती," ते म्हणाले.

आप्पांनीही गडबडीनं ओले हात जोडले. "ते मला ठावंच हुतं, सायेब. तिनं सांगितलं न्हवतं, पर तिच्या आवाजावरनं कळलं हुतं, पोर कसल्यातरी घोरात हाय. येणारी माणसं उनातनं तापून येणार. म्हनलं, त्यांचं डोस्कं थंड ऱ्हावं आन् माज्या पोरीचं नीट ऐकून घ्यावं. म्हनून तर कूलर आणला."